अर्धा तास वाऱ्याचा

"तुमचं वेळापत्रक चुकलंय," काचेपलीकडून तो म्हणाला. "विमानाला तिकडे जायला साडेसात तास आणि परत यायला तीन? येताना उतार लागतो का?"

तिनं मान वर केली. विमान कंपनीच्या या तिकीट कार्यालयात तिला सहा वर्षं झाली होती; उताराची चौकशी आजच पहिल्यांदा आली.

"सुटायची वेळ इथली, पोहोचायची तिथली. जाताना पाच तास, येताना साडेपाच. तिथली घड्याळं अडीच तास पुढे असतात. तुम्ही सरळ वजाबाकी केलीत."

"आणि येतानाचा जास्तीचा अर्धा तास?"

"वाऱ्याचा. येताना तो समोरून असतो. तुम्ही काम काय करता?"

तो घुटमळला. "घड्याळं दुरुस्त करतो..."

त्याचे कान लालबुंद झाले. हसू दाबायला तिनं उगाच एक खण उघडला.

पुढच्या आठवड्यात तो सामानाचं वजन विचारायला आला, मग खिडकीची जागा. चौथ्यांदा आला तो थेट स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळच उतरवू लागला.

"चार मिनिटं मागे आहे. गेल्या तीन फेऱ्या बघतोय."

"तीन फेऱ्या घड्याळच बघत होतात?"

"नाही," काटा सरकवत तो म्हणाला. "सवड मिळाली तेव्हा घड्याळही बघितलं."

त्याला तिकडे मनोऱ्यावरची घड्याळं सांभाळायची नोकरी लागली होती. तीन वर्षांची. "माझं तिकीट काढाच," तो स्टुलावरूनच म्हणाला. "आणि शेजारचं... ते कुणाच्या नावानं काढायचं, हे तुम्हीच ठरवायचंय."

तिनं उत्तर द्यायला दोन महिने घेतले. घरी सांगायला मात्र एकच संध्याकाळ.

बाबांनी आशियाचा नकाशा पसरला, पट्टी ठेवली. "चार हजार किलोमीटर. नाही म्हणजे नाही."

"ताईला दिलंत ते गाव?"

"ते तीनशेवर आहे. जवळ आहे."

"दोन बस, मग जीप, मग पायी. अकरा तास, बाबा. मागच्या वर्षी तुम्ही जिन्यावरून पडलात, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पोहोचली. मला तिकडे जायला पाच तास, यायला साडेपाच. मी त्याच दिवशी येईन. विमान रोज आहे."

"आणि मी आलोच नाही लग्नाला तर?"

"तर साक्षीदाराची सही आमचे साहेब करतील. एक तारखेला नोंदणी आहे. तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवलीय..." तिची नजर हलली नाही. "पण मी थांबणार नाही."

बाबांनी पट्टी उचलली, पुन्हा ठेवली. बराच वेळ ते त्या दोन शहरांमधला समुद्र बोटानं पुसत राहिले.

"तिकडे जायला पाचच तास ना? मग यायला साडेपाच कसे?"

"येताना वारा समोरून असतो."

"असू दे," ते म्हणाले. "तुला सवय आहे."

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि नकाशावरून तिच्याकडे सरकवलं.

"हे त्याच्याकडे दे. रोज दहा मिनिटं मागे पडतंय. एक तारखेला मला उशीर व्हायला नको."