उत्तराच्या आधीच

खोडाळ्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रेंज बरी येते, म्हणून जयवंती लॅपटॉप घेऊन तिथल्या बाकावर बसली होती. इतक्यात मागून कुणीतरी न विचारताच म्हणालं, “ती चौथी ओळ वर घ्या.”

तिनं मान वळवली. मागं एक तरुण उभा होता. हातात भाजीची पिशवी, केसांवर पावसाचे थेंब आणि चेहऱ्यावर असा आव, की जणू बाक याच्याच मालकीचा!

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“कुणी नाय. पण बघवत नाय ना...”

हा वांगणीचा गोकुळ. ठाण्यात प्रोसेसरच्या सूचनांचा क्रम लावायची नोकरी करायचा आणि सध्या सुट्टीवर आला होता. जयवंती कॉलेजसाठी विहिरीचं पाणी मोजणारं यंत्र बनवत होती, पण त्याची बॅटरी भराभर संपत होती. चिडतच तिनं प्रोग्रॅममधली ती ओळ वर घेतली. मेमरीतून आकडा येईपर्यंत चिप नुसती ताटकळायची, आता तेवढ्या वेळात ती दुसरं काम उरकू लागली. बॅटरी टिकली. जयवंतीला त्याचा भयंकर राग आला, आणि पुढच्या बाजाराला ती पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसली.

भांडता भांडता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला, ‘माझ्याशी लग्न करशील?’ ती रात्रभर गालातल्या गालात हसली. उत्तर समोरासमोर द्यायचं, त्याचं तोंड बघत, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी बाबा शाळेतून खुशीत आले. “जयू, गोकुळ भेटून गेला. तुमच्या लग्नाला मी हो म्हटलं बघ. जामसरच्या काकांना पण कळवलं!”

जयवंती तडक बाजारात जाऊन गोकुळसमोर उभी राहिली.

“मी अजून उत्तर दिलं नव्हतं!”

“माहितीये... पण वाट बघण्यात वेळ चालला होता. म्हटलं, हो येईल असं धरून पुढचं उरकून घेऊ. प्रोसेसर पण असाच अंदाजानं पुढं जातो.”

“आणि अंदाज चुकला तर?”

“तर... केलेलं पुसून मागं यायचं.”

“वा! मग जा, बाबांच्या डोक्यातून पुसून ये. काकीनं तर साडीचा रंग पण ठरवलाय!”

गोकुळचं तोंड उतरलं. “खरंच चुकला का गं... अंदाज?”

तिला हसू येत होतं, तरी ती विरघळली नाही. होकार तिचा होता आणि तो तिनंच द्यायचा होता. हा कोण परस्पर वाटून टाकणारा?

“बाबांना फोन लाव. सांग, तिनं हो म्हटलेलं नाय.”

त्यानं मुकाट्यानं लावला. पलीकडून बाबांचा आवाज तिलाही ऐकू आला, “अरे, मग माझ्याकडं कशाला आलास? आधी तिला विचार ना!”

गोकुळनं फोन खिशात टाकला. “जयवंती... करशील माझ्याशी लग्न?”

“सांगते. पण तोवर काहीएक करायचं नाय. नुसतं उभं राहायचं.”

तो उभा राहिला. दुकानाच्या पत्र्यावरून पावसाचं पाणी थेट त्याच्या खांद्यावर गळत होतं, तरी पठ्ठ्या हलला नाही. शेवटी तिलाच राहवेना.

“हो,” ती म्हणाली. “आता इकडं सरक, मूर्खा... भिजतोयस.”