चौथा कप

"सहा मळ्यांची कॉफी. पाच कप कडूजहर, एकटा हिचा चांगला. यात शोधायचं काय?" विश्वजीत म्हणाला. "पण वकील म्हणतात, पुरावा आणा."

"वकील शहाणे दिसतात," तनुजा म्हणाली.

विश्वजीतच्या कर्वेनगरातल्या कॉफी भाजण्याच्या कारखान्यात सकाळी चाखणी झाली होती. वर्षाची मागणी ठरवायला आलेले चार हॉटेलवाले तोंड धुऊन निघून गेले. विश्वजीतने खोलीला कुलूप लावलं आणि खाजगी गुप्तहेर तनुजाला बोलावलं. तिच्या मागोमाग तिचा सहायक ऋषीही आला.

'ही' म्हणजे उत्कर्षा. चिखलदऱ्याच्या डोंगरात, जंगलाच्या सावलीत तिच्या वडिलांचा मळा. विश्वजीतने आज तिच्याशी केलेला करार मोडला, तर त्या मळ्याचं नाव पुण्यात कायमचं बुडणार होतं.

टेबलावर सहा कप. कडेला पाण्याचे पाच ग्लास. चार तपकिरी गढूळ, पाचवा लख्ख कोरडा. ऋषीने ते मोजले आणि विसरून गेला.

"कुठला कप कोणाचा, हे कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही," विश्वजीतची बायको शेफाली म्हणाली. "आकडे मी तळाला चिकटवले होते. पण ही वासावरून ओळखते. गरम पाणी ओतायच्या आधी एकटीच आत होती."

"वासच घेत होते जी," उत्कर्षा म्हणाली.

"हीच दिसते," ऋषी कुजबुजला.

"तुझी खात्री पटली की मला धीर येतो, ऋषी. माणूस दुसराच असतो. बरं, पाणी ओतल्यावर?"

"वर पुडीचा थर येतो. तो हा अभिनव मोडतो, आमचा चाखणारा," विश्वजीत म्हणाला. "दर कपानंतर चमचा आपल्या ग्लासात धुतो. मग बाकीचे आपापल्या चमच्याने चाखतात."

"नेहमीसारखंच केलं," खिशातल्या चमच्याशी चाळा करत अभिनव म्हणाला.

"कुठलं नेहमीसारखं?" शेफाली म्हणाली. "रोज डावीकडून सुरू करतोस, आज चौथ्यापासून केलंस. म्हटलं, झोप झाली नाही वाटतं."

"तो माझाच कप होता," उत्कर्षा हळूच म्हणाली. "वाटलं, याचा राग गेला. हा दोन वर्षं आमच्या मळ्यावर मॅनेजर होता. सावलीची झाडं तोडली म्हणून बाबांनी काढलं."

तनुजाने कोरडा ग्लास उचलला.

"भेसळ कपांत नव्हतीच. चमचा धुवायच्या पाण्यात होती. पोरांनी अंगठा चोखू नये म्हणून लावतात, तसलं औषध. वास नाही, पण थेंबभर पुरतं. पहिल्या कपात कोरडा चमचा गेला. मग तो पाण्यात बुडाला आणि पुढचे पाचही कप कडू झाले. पहिला वाचणारच होता; म्हणून तो उत्कर्षाचा हवा होता. वासाने तो ओळखणारे इथे दोघेच. जिने पिकवली ती, आणि तिथे दोन वर्षं राहिलेला हा. आणि हॉटेलवाल्यांचे चार ग्लास गढूळच आहेत; धुऊन पुसलेला हा एकटा, याचा."

"हवेतल्या गोष्टी!" अभिनव म्हणाला.

"मग तो चमचा चाटा."

"पुसलाय मी."

"छान. मग तर काहीच हरकत नाही."

अभिनवचा हात खिशातून बाहेर आला नाही.

"हिच्या बापाने मला एकेका मजुरापुढे उभं केलं," तो अखेर म्हणाला. "एकेकाची माफी मागायला लावली. झाडांसाठी!"

विश्वजीतची मान खाली गेली. "उत्कर्षाताई, माफ करा. पोलिसांना बोलावू?"

"बोलवा ना. आधी याला हॉटेलवाल्यांना फोन लावू द्या. स्पीकरवर."

उत्कर्षा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. एकेका हॉटेलवाल्याला अभिनव सगळं सांगत गेला. तिसऱ्या फोनला त्याचा आवाज फाटला. ती म्हणाली, "ऐकू आलं नसेल त्यांना. पुन्हा सांग."

चौथा फोन संपला. ऋषीला त्याची कीव आली. "झालं ना आता, ताई?"

"एक राहिला," उत्कर्षा म्हणाली. "बाबांना लाव."