कोपऱ्यावरच्या फेऱ्या

“ताई, माझ्या किती झाल्या हो?”

काठी टेकत आलेले आजोबा तिच्या खुर्चीपुढे थांबले होते. तिनं सवयीनं हातातल्या यंत्राचं बटण दाबलं आणि मग मान वर केली.

“काय किती झाल्या?”

“फेऱ्या! मी नऊ धरल्यात, पण माझा काय भरवसा... तुम्हाला डॉक्टरांनी नेमलंय ना, आमच्या फेऱ्या मोजायला?”

आठ दिवस ती या कोपऱ्यावर, रिकाम्या गाळ्यासमोर, रोज चार ते सहा बसून माणसं मोजत होती. खडूची रेघ कुणी ओलांडली, की बटण. रोजचे सरासरी दोनशे बारा! एवढ्या वर्दळीत पौष्टिक खाण्याचं दुकान चालणार नाही, तर कुठे चालणार? जवस कुठल्या फळीवर आणि बिनसाखरेची बिस्किटं कुठल्या, हेसुद्धा ठरलं होतं. आता तिनं पहिल्यांदा माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. हिरव्या स्वेटरच्या काकू. कमरेला पट्टा बांधलेले गृहस्थ. टोकापर्यंत जात होते, वळत होते, परत येत होते... आणि पुन्हा जात होते!

तिच्या तोंडचं पाणी पळालं. हे इतक्या दिवसांत दिसलं कसं नाही? दिसणार कसं! नजर एकतर खडूच्या रेघेवर, नाहीतर गाळ्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत. आता खोटं कशाला बोला.

त्या खिडकीत फिजिओथेरपीचा दवाखाना होता. पहिल्याच दिवशी तिथला डॉक्टर खुर्ची घेऊन खाली आला होता. “अशा उभ्या राहिलात तर आठवड्यात माझ्या पेशंट व्हाल,” तो म्हणाला होता. “धंद्याला बरंच आहे, पण... बसा.” मग रोज चारला खुर्ची यायची. खुर्चीमागून तो यायचा, आणि दोन मिनिटांच्या गप्पा वीस मिनिटांवर जायच्या. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं. पहिलं दुकान तिनं मनानं निवडलं होतं, खिडकीतून ऊन छान येतं म्हणून. ऊन आलं, गिऱ्हाईक काही आलं नाही. आठ महिन्यांत शटर खाली. दादानं हे यंत्र हातावर ठेवून बजावलं होतं, “या वेळी मन घरी ठेव. पुन्हा बुडालीस तर तिसरं दुकान नाही, सांगून ठेवतो.” आणि उद्या सकाळी गाळेवाल्याला होकार द्यायचा होता.

ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली.

“हे सगळे तुमचे पेशंट आहेत?”

तो खिडकीशीच उभा होता. वळला... आणि तिचा चेहरा पाहून त्याचा चेहरा उतरला.

“हो.”

“रस्त्यावर का चालतात?”

“मागच्या अंगणात फरशी बसवत होते. म्हणून पुढे पाठवलं.”

“अजून बसवतायत?”

तो हळूच म्हणाला, “संपलं. मंगळवारी.”

“आज सोमवार आहे!”

“माहीत आहे.”

तिला रागापेक्षा धक्काच जास्त बसला होता. हा माणूस? खुर्ची आणणारा?

“तुम्हाला माहीत होतं मी काय मोजतेय! माझं पहिलं दुकान कसं बुडालं, तेही माहीत होतं. मग का?”

“आकडा वाढला, की तुम्ही स्वतःशीच हसायचात,” तो म्हणाला. “मंगळवारी सांगणार होतो. तेव्हाही हसलात. बुधवारी वाटलं... तुम्ही इथेच दुकान घेतलंत, तर रोज दिसाल. चूक झाली. साधी नाही, मोठी चूक झाली.”

तिनं रोजचे आकडे लिहिलेली वही टेबलावर आपटली. “रजिस्टर काढा.”

त्यानं काढलं. प्रत्येक पेशंटच्या नावापुढे फेऱ्या लिहिलेल्या होत्या. तो वाचत गेला, ती वजा करत गेली.

“गुडघेवाल्या काकू, दहा फेऱ्या.”

“म्हणजे जाऊन-येऊन वीस वेळा मोजल्या मी. पुढे?”

“पट्टेवाले काका, बारा.”

“चोवीस! देवा रे...”

एकेक नाव वाचताना त्याचा आवाज खाली जात होता. कुठलंही नाव त्यानं गाळलं नाही, एकही फेरी कमी सांगितली नाही. उलट, “थांबा, गुरुवारी काकू दोनदा आल्या होत्या, तेही धरा,” असं स्वतःहून म्हणाला. शेवटी दोनशे बारांतले उरले अठ्ठावन्न. पोहण्याच्या तलावाजवळच्या दुसऱ्या गाळ्यापुढे तिनं एकशे एकवीस मोजले होते, आणि तिथे फेऱ्या मारणारं कुणी नव्हतं.

“तलावाजवळचा घ्या,” तो म्हणाला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणाऱ्या माणसानं बोलावं, तसं.

तिनं तिथूनच गाळेवाल्याला फोन लावून नकार कळवला. आठ दिवसांची मेहनत गेली होती, पण दुकान वाचलं होतं... आणि वाचवलं होतं यानंच! चिडावं की काय करावं, हेच तिला कळेना.

तेवढ्यात त्यानं वहीवर बोट ठेवलं. “हा रकाना राहिला वजा करायचा. ‘खिडकी, एकतीस.’ हे कोण पेशंट?”

तिनं वही ओढायला हात टाकला, पण उशीर झाला होता.

“ते... दुकानाचं नाही.”

“मग?”

“तुम्ही.” तिचे कान तापले. “खिडकीशी किती वेळा आलात ते. दादा म्हणाला होता ना, पुराव्याशिवाय काही ठरवायचं नाही...”

त्यानं त्या आकड्याकडे बघत गंभीरपणे मान हलवली.

“हाही चुकलाय.”

“म्हणजे?”

“पडद्याआडून बघितलं, ते धरलंच नाहीये तुम्ही.”

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

“तलाव इथून लांब आहे हं,” ती म्हणाली. “चालत चौदा मिनिटं.”

“पेशंटना रोज चाला म्हणून सांगतो. मीही कधीतरी चालायला हवं की नाही?”

“खोटं चालणार नाही. पुन्हा कधीच नाही.”

“नाही,” तो म्हणाला आणि त्यानं तिचा हात हातात घेतला. तिनं तो मागे घेतला नाही.

खालून हाक आली. “अहो ताई! माझ्या किती झाल्या?”

तिनं खिडकीतून वाकून पाहिलं. यंत्र खाली खुर्चीवरच राहिलं होतं.

“आजोबा,” ती ओरडून म्हणाली, “मोजायचंच विसरले!”