कात्रीने नाकारलेली कादंबरी

हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही. माझा मोठा मामा तर सगळ्यांच्या आधी हसला असता. पण जे घडलं ते मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. मामा एक वेळ तुमच्याशी भांडेल, पण खोटं बोलायचा नाही.

नोव्हेंबर महिना. मंगळवार. दुपारचे तीन.

प्रकाशकाचं ऑफिस, दुसरा मजला. खाली बाइंडिंगचं दुकान.

मामा तिथे हस्तलिखितं वाचायच्या कामावर होता. छापायचं की नाही, ते एका कागदावर लिहून द्यायचं. बहुतेक वेळा तो ‘नाही’च लिहायचा. मागून सगळे त्याला ‘कात्री’ म्हणायचे. त्याला ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

भयकथा त्याच्या डोक्यातच जायच्या. “या भुतांना दुसरा कामधंदा नाही का? दारं वाजवायची, दिवे घालवायचे. सगळी वायरमनची कामं!”

युद्धाच्या कादंबऱ्यांवर तर तो दात धरून होता. “छातीत गोळी लागलेला माणूस दोन पानं भाषण ठोकतो. एवढा दम आणतो कुठून?”

त्या मंगळवारी त्याच्या टेबलावर एका निवृत्त फौजीचं बाड होतं. निळ्या कापडात बांधलेलं.

कादंबरी साधीच होती. तोफगोळा पडून एक बंकर खचतो. चार जण आत गाडले जातात. वर उभ्या असलेल्या नायकाला मातीखालून ठोके ऐकू येतात. तेवढ्यात माघारी फिरायचा हुकूम येतो. नायक उत्तर न देताच निघून जातो. पुढे आयुष्यभर, जिथे जाईल तिथे, भिंतीतून ते ठोके येत राहतात.

मामाने शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग कागद ओढला आणि लिहिलं...

‘युद्धाची कादंबरी म्हणून सुरू होते, भुताची म्हणून संपते. दोन्हीकडून फसलेली. साथीदार जिवंत आहेत हे कळूनही नायक निघून जातो. असा माणूस नसतो. पटत नाही. परत पाठवा.’

त्याने पेन खाली ठेवलं.

आणि...

टक्.

टक्. टक्.

आवाज भिंतीतून येत होता.

खालचा बाइंडर असणार. मामा तणतणत जिना उतरला. चार शब्द सुनावायचे म्हणून तोंड उघडलं, आणि तसाच थांबला.

दुकानाला कुलूप होतं. मंगळवारी ते बंदच असायचं.

तो वर आला. भिंतीला कान लावला.

टक्. टक्.

“काय हो, भिंतीशी काय कुजबुजताय?” टायपिस्ट बाईंनी विचारलं.

“तुम्हाला ऐकू येत नाही?”

“कसलं?”

मामा त्यांच्यावरच खेकसला. “कान तपासून घ्या!”

संध्याकाळी घरी आला. जेवायला बसला. घास तोंडाशी नेला, तोच...

टक्.

स्वयंपाकघराच्या भिंतीतून.

“शेजाऱ्यांना सांग, खिळे नंतर ठोका म्हणावं!”

मामी त्याच्याकडे बघतच राहिली. “त्या भिंतीपलीकडे शेजारी आहे कुठे? ती बाहेरची भिंत आहे.”

तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

बुधवार तसाच गेला. न्हाणीघरात ठोके. कपाटामागे ठोके. उशीला डोकं टेकलं की डोक्यामागे ठोके.

“आता पुरे करा ती नोकरी,” मामी म्हणाली. “दुसऱ्यांची पुस्तकं वाचून तुमचं डोकं फिरलंय.”

“माझं डोकं ठिकाणावर आहे!”

“मग माझ्यावर का ओरडताय?”

गुरुवारी सकाळी मात्र त्याचा तोल सुटला. ओट्यावरची सांडशी उचलून त्याने भिंतीवर दाणदाण दोन फटके मारले.

“गप्प बसा!”

शांत.

एकदम शांत. इतकं, की मामाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि मग...

चारही भिंतींतून एकदम ठोके सुरू झाले. भराभरा. वेड्यासारखे. आत माणसं होती, आणि त्यांना बाहेरचा आवाज ऐकू गेला होता.

मामाने तडक ऑफिसातून ते बाड उचललं आणि पत्ता शोधत फौजीचं घर गाठलं. कडाक्याचं भांडण करायचं असं ठरवूनच.

बेल दाबायच्या आधीच दार उघडलं. फौजीचे डोळे लालभडक झाले होते. पायात बूट होते.

“तुमच्याकडेच निघालो होतो,” मामाच्या हातातलं निळं बाड बघून तो म्हणाला.

“हे घ्या तुमचं बाड! आणि त्याच्याबरोबरचं ते झेंगटही घ्या!”

“द्या. द्या मला परत.” त्याने बाड अक्षरशः हिसकावलं. “मंगळवारी दुपारी तीनला बंद झालं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं की सुटेन, असं वाटलं होतं मला. सुटलो. पण तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. आवाज बंद झाला म्हणजे... ते गेले असं वाटतं हो.”

मामाचा आवाज खाली आला. “म्हणजे, निघून गेलेला तो तुम्ही?”

“हो.”

“असा माणूस नसतो, असं लिहिलंय मी.”

“मलाही ते पटत नाही,” फौजी म्हणाला. “अजूनही.”

दोघं मामाच्या घरी आले. फौजीने स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला. खूप वेळ. डोळे मिटून.

“काहीच नाही.”

“काहीच नाही कसं? हे काय, येतायत की!” मामा म्हणाला.

फौजी हळूच वळला. “तुम्ही त्यांना उत्तर दिलंत?”

“उत्तर कसलं! सांडशी हाणली दोनदा. गप्प बसा म्हणून.”

“ते त्यांना काय माहीत...” तो खालीच बसला. “त्यांना वाटलं, कोणीतरी आलं.”

मग एकाएकी उठून त्याने मामाची कॉलर धरली. “ती माझी माणसं होती! माझी!”

मामीने कसंबसं त्याला घराबाहेर काढलं. बाड छातीशी धरून तो जिना उतरला. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. घरमालकाला त्याच्या खोलीत फक्त बूट सापडले म्हणे.

याला आता दोन वर्षं झाली. मामाने नोकरी सोडली. तासाभरापेक्षा जास्त वेळ तो घराबाहेर राहत नाही.

मागच्या महिन्यात मी त्याला भेटायला गेलो होतो. बोलता बोलता तो मध्येच उठला. भिंतीवर हलकेच दोन ठोके मारले. कान लावून उभा राहिला. मान डोलावली, आणि येऊन बसला.

“मामा, एक दिवस नाही मारलेस तर?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

“इकडे ये,” तो म्हणाला. “कान लाव. एकदाच ऐक.”

मामी आतल्या दारात उभी होती.

“गाडी चुकेल माझी,” मी म्हणालो, आणि चपला घातल्या.

गाडी सहाची होती. तेव्हा साडेचार वाजले होते.