साडेसहा हजारांवर

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या चढावर भाऊरावांची मोटारसायकल मेली. बंद पडली नाही. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा साडेसहा हजारांवर गेला आणि इंजिनाने त्याच्या वर जायचं नाकारलं. नितेशने मूठ पूर्ण पिळली, तशी गाडी आणखीच मंदावली. मागून आलेला दुधाचा टेम्पो तिला ओलांडून पुढे गेला.

कुंडलिक रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. त्याला आश्चर्य वाटलं नाही. ते त्यानेच केलं होतं.

भाऊरावांचं गॅरेज मरोळला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत. एक शटर आणि समोर चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. जालन्याहून आलेला कुंडलिक तिथे एकोणीस वर्षं होता. कणकवलीचा नितेश अकरा वर्षं. दोघंही भाऊरावांना उस्ताद म्हणत. इंजिन खोलण्याआधी ते ऐकायचं, अशी उस्तादांची पद्धत. लाकडी मुठीच्या एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. दुखणं कुठे आहे ते मूठ सांगते, म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला, हत्यारांची पूजा झाल्यावर, उस्तादांनी तो स्क्रू ड्रायव्हर उचलून नितेशच्या हातात दिला. समोर गिऱ्हाइकं उभी होती. "कुंडलिक, तुझा हात चांगलाय," ते म्हणाले, "पण कान ह्याचा." कुंडलिक तेव्हा हसला होता. पेढाही खाल्ला होता. त्या दिवसापासून नितेशने ती मूठ कानाला लावली की कुंडलिक दुसरीकडे बघायचा.

फेब्रुवारीत उस्ताद गेले. फुप्फुसं निकामी झाली होती. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी, रत्नप्रभाकाकू, त्यांचे सात जुने शर्ट घेऊन गॅरेजवर आल्या. गॅरेजला पुसायला कापड लागतंच आणि नवऱ्याचे कपडे कुणा परक्याच्या अंगावर दिसायला नकोत, असं त्यांचं म्हणणं. नितेशने शर्ट घडी करून कपाटात ठेवले आणि बाजारातून चिंध्यांचा गठ्ठा आणला. "माका नाय जमाचा," एवढंच म्हणाला. कुंडलिकने त्याला दिवसभर चिडवलं आणि स्वतःचे हात त्या शर्टांनाच पुसले.

गॅरेज कुणी चालवायचं हे काकूंना ठरवायचं होतं. शेवटी त्यांनी शटरची किल्ली समोर ठेवून सांगितलं की ह्यांची गाडी पाच महिने उभी आहे, ती आधी होती तशी करा. उस्ताद तो चढ नव्वदच्या वेगाने चढायचे. जो तशी चढवेल, किल्ली त्याची. आधी नितेशला एक आठवडा, मग कुंडलिकला.

शनिवारी दुपारपर्यंत नितेशची गाडी तयार झाली होती. तो जेवायला गेला तेव्हा कुंडलिकने कपाटातून उस्तादांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढला. डाव्या छातीवरचा, खिशाचा तुकडा फाडला. गाडीची सीट उचलून एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडात, जिथून इंजिनाला हवा जाते तिथे, त्याची गुंडाळी कोंबली. बोटभर फट ठेवली. हळू चालताना तेवढी हवा पुरते, जोरात पळवली की कमी पडते. फिल्टर नितेशने आदल्याच दिवशी साफ केला होता. तिथे तो परत बघणार नव्हता.

रविवारी चढावरून परतल्यावर नितेश म्हणाला, "काल बरोबर होती, काकू." काकूंनी गाडीची चावी कुंडलिकला दिली.

सोमवारी सकाळी आठ वाजता, नितेश यायच्या आत, कुंडलिकने तुकडा बाहेर काढला. तो ओला होता. त्या जागी पेट्रोल पोचत नाही, पाणी तर नाहीच. वासही पेट्रोलचा नव्हता. हाताला तो कोमट लागला. फळीवर ग्रीसचा रिकामा डबा होता, त्यात त्याने तो टाकला, झाकण लावलं आणि गाडी घेऊन चढावर गेला.

काटा साडेसहा हजारांवर गेला आणि गाडी मेली.

त्याने प्लग काढला. टोक काळं होतं. पेट्रोल जातंय पण हवा कमी पडतेय, असा त्याचा अर्थ. मंगळवारपर्यंत त्याने कार्बोरेटर धुतला, कॉइल बदलली, व्हॉल्व्हची फट तपासली, सायलेन्सर काढून आतून बघितला. कुठेही दोष नव्हता. बुधवारी त्याने फिल्टरचा डबाच काढून टाकला. कार्बोरेटरचं तोंड आता उघडं होतं. अशा इंजिनाला हवा जास्त होते, प्लग पांढरा पडतो. एकोणीस वर्षांत त्याला अपवाद दिसला नव्हता.

प्लग काळाच निघाला. काजळी बोटाला लागली.

गुरुवारी त्याने नितेशकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला. हे सहा शब्द बोलायला त्याला अर्धा दिवस लागला. "तुझा तो स्क्रू ड्रायव्हर दे रे."

"घे की," नितेश म्हणाला. "पण कानाला लाव हां. नाकाला नको, आधीच वर आहे."

नितेश चहाला गेला तेव्हा कुंडलिकने गाडी स्टँडवर चालू केली, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. चार हजारांवर टिकटिक सरळ होती. सहा हजारांवरही. साडेसहाला दोन ठोक्यांच्या मधे एक पोकळी आली. त्या पोकळीत काहीतरी ओढलं जात होतं, ओलं कापड तोंडाला चिकटावं आणि सुटावं तसं. त्याच्यामागे खोकला होता. घरातली माणसं उठू नयेत म्हणून तोंड दाबून खोकावं, तसा. गेल्या हिवाळ्यात उस्ताद इथेच मागच्या भिंतीकडे तोंड करून असे खोकत.

त्याने इंजिन बंद केलं.

मुठीत तो खोकला आणखी दोनदा आला.

कुंडलिकने फळीवरून ग्रीसचा डबा खाली घेतला. झाकण घट्ट होतं. आत काही नव्हतं. नितेश आल्यावर त्याने विचारलं, डब्यातलं कापड घेतलंस का. कुठलं कापड, नितेशने विचारलं. कुंडलिकने डब्याला परत झाकण लावलं.

शनिवारी संध्याकाळी तो जोगेश्वरीला घरी आला. लिफ्ट बंद होती. तो भराभर जिने चढला. तिसऱ्या मजल्यावर श्वास आत जाईना. छाती हलत होती, तोंड उघडं होतं, हवा येत नव्हती. वरून बायकोने, मीराने, हाक मारली, "अहो, असे मधेच काय थांबलात?" थांबल्यावर श्वास परत आला. उरलेले जिने तो सावकाश चढला. काही त्रास झाला नाही.

रविवारी सहा वाजता तिघं चढापाशी उभे होते. जमली नाही, असं कुंडलिकने काकूंना सांगितलं. काकू नितेशला म्हणाल्या, एकदा शेवटची बघ. फिल्टरचा डबा कुंडलिकने होता तसा परत बसवला होता. त्याखेरीज गाडीत काही बदललं नव्हतं.

काटा सात हजारांवर गेला. मग आठ. आवाज एकसारखा होता. उस्ताद चढायचे तशी गाडी नव्वदला चढ चढून दिसेनाशी झाली.

काकूंनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली काढली.

आठवडाभर आपण राबलो, गाडी आपणच नीट केली, हे कुंडलिकला सांगायचं होतं. काकू वीसेक पावलांवर होत्या. तो पळाला.

दहाव्या पावलाला हवा संपली.

दुभाजकाला धरून तो वाकला तेव्हा नितेश परत आला होता. काकूंनी किल्ली त्याच्या हातावर ठेवलेली कुंडलिकला दिसली.

बुधवारी अंधेरीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फुप्फुसं साफ होती. दुपारी कुंडलिक गॅरेजच्या स्टुलावर बसला होता. नितेश आला, स्क्रू ड्रायव्हर घेऊन.

"उभा रहा. जागेवर पळ."

"वेडा झालास काय?"

"पळ तर."

कुंडलिक पळायला लागला. नितेशने टोक त्याच्या छातीवर डावीकडे टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. कुंडलिकचा श्वास अडकला, तो थांबला. नितेश मात्र तसाच उभा राहिला. बराच वेळ. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर पुसून खिळ्याला अडकवला.

"खिसा कुठेय, कुंडलिक?"

कुंडलिकने स्वतःच्या शर्टाचा खिसा चाचपला.

"तुझा नाय," नितेश हळू म्हणाला. "उस्तादांचा."

त्याला दोन महिने झाले. कुंडलिक अजून तिथेच कामाला आहे. सावकाश चालतो. दुसरा एक्स-रेही साफ आला. दोघांनी मिळून गॅरेज तीनदा झाडून काढलं, कपाट रिकामं केलं, गाडी पूर्ण खोलली. सहा शर्ट अख्खे आहेत, सातवा फाटका. खिसा सापडलेला नाही.