नाख्तमिनला पाठवलेले वाडगे

दर दहा दिवसांनी वेबखेत नवऱ्याच्या थडग्यावर भाकरी घेऊन जायची. त्या दिवशीही ती दुपारची जेवणं उरकून निघाली. टोपलीत दोन भाकऱ्या, कांदे, सुका मासा आणि वर पालथा घातलेला एक मातीचा वाडगा. वाडग्याच्या आतल्या अंगानं काळ्या शाईत गोल गोल फिरत गेलेलं पत्र होतं. मेलेल्या माणसाला असंच लिहायचं असतं. तो जेवायला येतो आणि वाडगा रिकामा करता करता पत्र वाचतो.

नाख्तमिन हा तिचा नवरा; तो राजाच्या थडग्यात खडक फोडायचा. नदीचं पाणी चढायच्या आधी तो शिडीवरून पडला आणि गेला. शिडी धरून त्याचा धाकटा भाऊ इपुई उभा होता. इपुई त्याच थडग्याच्या भिंतींवर लाल रेघेत चित्रं आणि अक्षरं आखायचा. "हाताला घाम होता, वहिनी... निसटली," एवढंच तो बोलला, आणि वेबखेतनं ते मानलं. घरातला एकच पुरुष उरला होता, त्याला का दोष द्यायचा?

पुढे तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, तियाला, ताप धरला. उतरेना. तेव्हा इपुईच म्हणाला, "वहिनी, दादाला लिहू या. पोरीवर त्याचा जीव होता." वेबखेतला अक्षर येत नव्हतं. ती सांगायची, तो लिहायचा. हा तिसरा वाडगा होता.

पण पहिल्या वाडग्यापासूनच काहीतरी बिघडलं होतं. सकाळी उठली की तिच्या दातांखाली दगडाची भुकटी करकरायची. कलत्या दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, घराच्या जमिनीखालून छिन्नीचा आवाज यायचा. टक... टक... टक. चूल सारवताना तो बरोब्बर चुलीखाली यायचा, पाणी भरताना रांजणाखाली. तिया झोपेत असायची, तिला काही ऐकू यायचं नाही. आवाज फक्त वेबखेतच्या पावलांमागे फिरायचा.

त्या दिवशी टेकडीवर उन्हानं दगड तापले होते. थडग्यापुढच्या खोलीत मात्र गारवा होता, आणि वास होता ओल्या चुन्याचा. तिनं भाकरी मांडली. वाडगा उचलून पुढे करणार, तोच मानेवर हात पडला.

तो हात तिच्या ओळखीचा होता. अंगठ्यावरचा घट्टा, तुटकं नख. बारा वर्षं त्या हातानं तिची वेणी सोडली होती. आता तो तिला खाली, मेलेल्यांसाठी भिंतीत कोरलेल्या दगडी दाराकडे दाबत होता.

"मी काय केलंय रे..." ती पुटपुटली. हात आणखी जड झाला.

ती कशीबशी वळली आणि वाडग्यासकट बाहेर उन्हात येऊन कोसळली. बाहेर सावलीला म्हातारा पेन्नूब बसला होता. एके काळी त्यानंच इपुईला रेघ मारायला शिकवली होती. आता हात थरथरायचे म्हणून तो थडग्यांची राखण करायचा. त्यानं तिला पाणी दिलं, वाडगा उचलला, आणि सवयीनं डोळ्यांजवळ नेला.

वाडगा गोल फिरवत त्यानं पत्र शेवटपर्यंत वाचलं.

"पोरी, हे तू लिहवून घेतलंस?"

"हो, बाबा. तियाला बरं कर म्हणून."

"तियाचं नाव नाहीये यात."

"मग काय आहे?"

म्हाताऱ्यानं ओळ बोटानं धरून हळू वाचलं. "दादा... शिडी सोडायला मला वेबखेतनं सांगितलं. तिला माझ्या घरात यायचं होतं. माझ्या खांद्यावरचा हात काढ. तिला ने."

वेबखेत वाडग्याकडे बघत राहिली. ती शाई तिनं स्वतः उगाळून दिली होती. आधीचे दोन वाडगे तिनं स्वतःच्या हातांनी, भाकरी भरून, नवऱ्यापुढे ठेवले होते.

ती तडक इपुईच्या घरी गेली. तो दारात बसून दोरी वळत होता. महिन्याभरात त्याचे खंगलेले गाल पुन्हा भरले होते. तिच्या हातातला वाडगा बघताच दोरी थांबली.

"पेन्नूबनं वाचलं," ती म्हणाली.

इपुईनं मान खाली घातली. "त्याला मुकादम करणार होते, वहिनी. मी धाकटा, पण त्याच्याहून आधी कामाला लागलेला. क्षणभर हात सैल सोडला, बस. मग रोज तो मागे यायचा. जेवू देईना, झोपू देईना... मी काय करणार होतो?"

"म्हणून मी?"

"तुम्ही त्याच्या बायको. म्हटलं, तुम्हाला तो सांभाळून नेईल."

ती वाडगा घेऊन तशीच वळली. ऊन उतरायच्या आत ती पुन्हा टेकडी चढली. वाडगा तिनं दगडी दारावर आपटून फोडला.

"मला वाचता येत नाही, तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुझ्या भावाचं अक्षर तुला ठाऊक होतं. बारा वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, आणि दोन वाडग्यांवर विश्वास ठेवलास? शिडी इपुईनं सोडली. त्याच्याच तोंडून ऐकून आलेय मी."

खापऱ्या तिथंच टाकून ती निघाली. जमिनीखालचा आवाज, ती टेकडी उतरत असताना, तिला ओलांडून पुढे गेला. गावाच्या दिशेनं. घाईघाईनं.

सकाळी इपुई अंथरुणात मेलेला सापडला. तोंड, नाक, घसा, सगळं दगडाच्या भुकटीनं गच्च भरलं होतं. त्याच सकाळी तियाला घाम फुटला, ताप उतरला, आणि तिनं खजूर मागितले. वेबखेत चुलीपाशी बसून पोटभर रडली.

दहा दिवसांनी ती भाकरी घेऊन गेली. राग होता, पण उपाशी ठेवायचं तिच्या जिवावर आलं. खोली शांत होती. समोरच्या भिंतीवर नाख्तमिनचं चित्र होतं, खुर्चीत बसलेलं, आणि त्याच्या नावापुढे एक छोटी खूण. वेबखेतला तेवढीच ओळखता यायची. गेलेल्या माणसाच्या नावापुढेच ती काढतात.

खुर्चीच्या पायापाशी आज काहीतरी नवीन होतं. लाल रेघेत काढलेली एक लहान मुलगी, एका कानावर बट सोडलेली, नाख्तमिनच्या पोटरीला हात लावून उभी. डोक्यावर नाव. नावापुढे तीच खूण.

तिनं पेन्नूबला हाक मारली. तो आत आला, "तिया" असं नाव वाचलं, आणि आपले थरथरणारे हात तिच्यापुढे धरले.

"ही रेघ इपुईची. पण बाहेरचं दार मी रोज लावतो, पोरी," तो म्हणाला. "इथं कुणी आलेलं नाही."

वेबखेतनं त्या रेघेला बोट लावलं. रंग अजून ओला होता.