वसंतरावांचा आवाज कुणी पुसला?

"तिनं माझ्या नवऱ्याचा आवाज पुसला!" दार उघडताच साधनाताई कडाडल्या.

'ती' म्हणजे सून अमिता. पडवीत भरलेल्या बॅगेवर बसली होती. फाटकाशी तिला दुर्गापुरा स्टेशनवर नेणारी ऑटो घुरघुरत होती. निघाली ती परतायची नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

गुप्तहेर जयंती देवधर चपला काढून आत शिरली. मागून तिचे जोडीदार रणजितराव, साताऱ्याचे निवृत्त सुभेदार. डोकं जरा धिमं, पण चहाच्या वासाला तल्लख!

वसंतराव बँकेच्या बदलीनं जयपूरला आले होते. छोट्या नातवाचं, निनादचं, मराठी सुटू नये म्हणून त्यांनी आपल्या आवाजात गोष्टी सांगून संगणकात साठवल्या. माणूस गेला, संगणक राहिला. त्याला डिस्कच्या तीन पेट्या एकीमागे एक जोडलेल्या. गोष्टी तिसरीत, आणि तिसरीच संगणकाला सापडत नव्हती.

"दसऱ्याला सगळं उतरवून फडक्यानं पुसलं," निनाद म्हणाला. "परत मीच जोडलं. सगळ्या वायर लावल्या, मतलब, एकही उरली नाही."

"आणि याला भंगार कोण म्हणालं?" साधनाताई उसळल्या. "म्हणून तर मी तिला त्या दिवशी सोनंसुद्धा दिलं नाही!"

"म्हणाले मी भंगार," अमिता बाहेरून म्हणाली. "पण बाबांच्या गोष्टी ऐकूनच माझं मराठी सुधारलं. त्या पुसेन मी? ती पेटी काल पडद्यावर दिसली होती. उघडेपर्यंत परत गायब."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

जयंतीनं टॉर्च घेऊन मागची बाजू पाहिली. संगणकाच्या रिकाम्या खाचांत जयपूरची वाळू साचली होती, फडकं तिथवर पोचलंच नव्हतं. तिसऱ्या पेटीचीही एक खाच रिकामी होती, पण ती लखलखीत.

"रिकामी खाच काय बघायची?" रणजितराव पुटपुटले.

"मॅडमजी, गाडी छूट जाएगी!" ऑटोवाला ओरडला.

जयंती मात्र देवघरापाशी हात जोडून उभी. शंखाशेजारी आपट्याची सुकलेली पानं होती आणि हळदकुंकू लावलेला, पिनांचा छोटा ठोकळा.

"हे काय, ताई?"

"ह्यांच्या टेबलावरचंच. दसऱ्याला त्यांचं काहीतरी पूजेला हवं ना? याला वायरबियर काही नव्हती, म्हटलं हेच ठेवू."

"अमिता, आत ये. आवाज कुणीही पुसलेला नाही."

"मग गेला कुठे?" रणजितरावांच्या मिशा ताठ झाल्या.

"पुसलेली गोष्ट लपाछपी खेळत नाही. कधी दिसते, कधी नाही, म्हणजे खोट जोडणीत. तिसऱ्या पेटीच्या खाचेत वाळू नाही, म्हणजे तिथं अगदी अलीकडेपर्यंत काहीतरी बसलेलं होतं. आणि ती वायर नव्हती, कारण निनादनं सगळ्या वायर लावल्या. असल्या साखळीच्या टोकाला टोपण लागतं. ते नसलं की गेलेला संदेश टोकावर आपटून मागं फिरतो आणि पुढच्या संदेशात कालवाकालव करतो. दरीत ओरडलं की आपलीच हाक आपल्याला बोलू देत नाही, तसं."

"पण टोपण नेलं कुणी?"

जयंतीनं देवघराकडे पाहिलं. साधनाताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं बाई! मीच?"

जयंतीनं आधी सगळं बंद करायला लावलं. टोपण नीट पुसून तिसऱ्या पेटीला बसवलं आणि यंत्रं सुरू केली. थोड्या वेळानं आत कुणीतरी खाकरलं.

"निनाद, झोपलास का रे? बरं, ऐक. एक होता उंट, त्याला पोहायची फार हौस..."

साधनाताई तोंडाला पदर लावून रडल्या. मग देवघरातलं आपट्याचं पान उचलून सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं, पोरी. सोनं घे."

अमितानं पान घेतलं, वाकून नमस्कार केला आणि डोळे पुसत खिडकीतून ओरडली, "भैया, गाडी छूटने दो!"